भिंतीवरचा पत्ता

"मॅडम, भिंतीवर लिहिलेला पत्ता मोबाईलमध्ये टाकला, तर 'पान सापडले नाही' असं येतंय. बाईला साप चावलाय, कुठं न्यायचं?" उपकेंद्रातल्या नर्सबाई फोनवर अक्षरशः ओरडत होत्या.

फोन गौतमीने घेतला होता; जिल्ह्याच्या आरोग्य विभागाची वेबसाइट ती सांभाळायची. सर्पदंशाची लस आज कुठल्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते दाखवणारं पान तिनेच बनवलेलं होतं. "तालुक्याला न्या, तिथं लस आहे," तिने पटकन बघून सांगितलं.

सकाळी नऊला तिने वेबसाइटच्या सगळ्या पत्त्यांच्या शेवटचं 'डॉट पीएचपी' छाटून टाकलं होतं. पत्ते कसे सुटसुटीत, देखणे दिसायला लागले होते! फक्त जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर पोचवणारी एक ओळ लिहायची राहून गेली. आणि जुना पत्ता तर जिल्ह्यातल्या प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेला.

तिने ती ओळ लिहिली. जुना पत्ता टाकून पाहिला. पान उघडलं.

तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. सकाळपासून आणखी कोण कोण तसंच परत गेलं, ते सर्व्हरच्या नोंदींत दिसणार होतं. तिने धीर करून त्या उघडल्या.

नर्सबाईंची नोंद सगळ्यात शेवटी होती, बारा चाळीसची. तिच्या वर दुसऱ्याच कुठल्यातरी मोबाईलच्या नोंदी होत्या. दहा वाजून पाच मिनिटं. दहा सहा. पुन्हा दहा सहा. दहा नऊ. एकूण अकरा वेळा.

दहा बावीसनंतर त्याने विचारणं सोडून दिलं होतं.