सौरभची बॅटिंग

पप्पूने टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तिथूनच बोलला, "मावशी, आता बघा. पिचवरची मुंगी दिसंल. नर का मादी, ते बी कळंल."

पप्पूचं मांजरसुंब्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. लिंबागणेशच्या जत्रेत पाळणा बंद पडला, तेव्हा आपण तो मिक्सरच्या मोटरवर फिरवला, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. ऐकणाऱ्याने निम्मं सोडून द्यावं. तरी निम्मा पाळणा उरतोच. पण मावशीच्या सौरभचा शाळेपासूनचा जोडीदार. म्हणून तर त्याने पुण्याहून ही काडेपेटीएवढी डबी मुद्दाम मागवली होती. जुना व्हिडिओ गेम आणि नवा टीव्ही, दोघांच्या मध्ये ही बसवली की धुरकट चित्र लख्ख होतं म्हणे.

सौरभचा बाप निवृत्ती गेमचा रिमोट मांडीवर घेऊन तयार बसला होता. या माणसाच्या अंगठ्यांनी जन्मभर वडाप जीपचा हॉर्न तेवढा दाबलेला. पण सौरभ गेला आणि त्यांना साठीत नवीन काम लागलं. क्रिकेटच्या त्या गेममध्ये सौरभने एक बॅट्समन बनवून ठेवला होता. पाठीवर स्वतःचं नाव, उंची स्वतःची, डावखुरा, तोही स्वतःसारखाच. सिंधुबाईने तो गेम पोराच्या पेटीतून काढला आणि नवऱ्यासमोर आणून ठेवला.

"फोटोतला हलत न्हाई," ती म्हणाली. "ह्यो पळतो तरी. लावा."

तेव्हापासून रोज दुपारची भांडी झाली की निवृत्ती पोराला बॅटिंगला उतरवायचा. चौकार गेला की सिंधुबाई टीव्हीकडे हात नेऊन कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. आऊट झाला की सगळा राग निवृत्तीवर.

"तुमी कावून पुढं आणता त्याला?"

"मी कशाला आणू? त्योच जातो."

"त्याच्यावर घालू नका. तुमचे अंगठे लई जड हायत."

मग सामना पुन्हा पहिल्यापासून. सौरभ पुन्हा मैदानात.

त्या मोठ्या टीव्हीवर सौरभ पातळ ताकासारखा दिसायचा. तरी सिंधुबाईला त्याच्या डाव्या भुवईवरची खोक दिसायची. रांगताना उंबऱ्यावर आपटला होता, ती. "ती बघा, ती बघा," म्हणायची. निवृत्ती डोळे बारीक करायचा, चष्मा पुसायचा, टीव्हीला नाक लावायचा. त्याला खोक दिसायची नाही. बायकोला रोज दिसतं ते बापाला का दिसू नये, हे त्याला आतल्या आत खायचं. शेवटी बायकोला न सांगता त्यानेच पप्पूला गाठलं होतं. "चित्र साफ कर बे. मला बी बघू दे."

चित्र साफ झालं.

गवताची काडी काडी दिसली. बॅटवरच्या चिरा दिसल्या. मग बॅट्समनने मान वर केली आणि त्याचं तोंड पडदाभर झालं. निवृत्तीने हातातलं बटण दाबून खेळ तिथंच थांबवला.

डोळे घारे होते. नाक सरळसोट. दोन्ही भुवया कोरल्यासारख्या, अखंड. बनियनच्या जाहिरातीत असतो तसा चेहरा, कुणाचाच नसलेला. डाव्या भुवईवर तेवढी टोपीची सावली पडली होती, बारीक.

"काय मावशी!" पप्पू हात झाडत पुढे आला. "हाय का न्हाई कमाल?"

सिंधुबाई पुढे सरकली. "ह्यो कोन?"

"सौऱ्याच की. पाठीवर नाव बघा ना."

"नाव ऱ्हाऊ दे. तोंड कुनाचं हाय?"

"तोंडं तयारच असतात त्यात, मावशी. कंपनी देती. त्यातलं एक निवडायचं, मग सौऱ्यानं..." जत्रेतले सगळे पाळणे फिरवणारा गडी, त्याला पुढचा शब्द फिरवता येईना.

"काढ बे ती डबी," निवृत्ती म्हणाला. "काढ म्हन्तो ना!"

पप्पूने वायरी उपटल्या, जुन्या खोचल्या. चित्र पुन्हा धुरकट झालं. गवत गेलं, चिरा गेल्या, नाक-डोळे सगळं ताकात मिसळलं. सिंधुबाईची नजर त्या भुवईवर गेली, तिथून खाली आली, परत वर गेली. निवृत्ती टीव्हीकडे बघतच नव्हता. तो तिच्या नजरेकडे बघत होता.

"आला बघ परत," तो घाईघाईने म्हणाला. "ती काय खोक. आज मला बी दिसायली. खरंच दिसायली गं, डाव्या अंगाला."

सिंधुबाईने वळून त्याच्याकडे पाहिलं. ओरडली नाही. पदराने त्याच्या गालावरची ओल पुसली, लहान पोराची पुसावी तशी.

"लोकाचं लेकरू हाय ते," ती म्हणाली. "कवापासून उन्हात उभं केलंय आपण त्याला. त्याची आई वाट बघत असंल. घरी जाऊ द्या आता."

पप्पू चपला हातात घेऊनच दाराबाहेर पडला.

निवृत्तीने बटण दाबून खेळ सुरू केला. लांबून बॉलर पळत निघाला. निवृत्तीने रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही अंगठे मुठीत मिटून घेतले.