जागी राहिलेली खोली

“एका प्रोग्रामसाठी अख्खी खोली जागी ठेवायची? धर्मशाळा काढलीय का आपण?” ग्रँट फोनवर खेकसला.

“ग्रँट, ऐकून तर घे,” तामाती आपल्या साहेबाला म्हणाला.

“वर्षभर ऐकतोच आहे. आज संध्याकाळपर्यंत वाईरेरे गावातली यंत्रांची खोली बंद कर. नाहीतर मला वरच्यांना तोंड दाखवता येईल असं कारण दे.”

तामातीचं काम तसं सांगायला सोपं. फोन जोडणं, निरोप साठवणं ही कामं पूर्वी वेगवेगळी लोखंडी यंत्रं करायची. आता ते नुसते प्रोग्राम झाले होते. चालू असतानाच एका गावच्या यंत्रावरून उचलून दुसऱ्या गावी नेऊन ठेवले, तरी बोलणाऱ्याला पत्ता लागत नसे. वर्दळ कमी झाली की सगळ्यांना मोजक्या यंत्रांवर दाटीवाटीनं बसवायचं आणि बाकीची यंत्रं बंद करायची. पाहुणे गेले की घरची माणसं एकाच खोलीत बसतात आणि बाकीचे दिवे मालवतात, तसंच. वीज वाचते.

वाईरेरेची खोली तेवढी बंद होत नव्हती. निरोप साठवणारा प्रोग्राम तिथंच अडकून होता, कारण खुद्द तामातीनंच ‘याला हलवायचं नाही’ असं यंत्रणेला बजावून ठेवलं होतं.

त्याला कारण मेरेआना आंटी. खोली तिच्या परसातच होती आणि किल्ली तिच्याकडे. आत एकही यंत्र चालू असेल तोवर किल्लीवाल्यानं हाकेच्या अंतरावर राहायचं, असा नियम होता आणि आंटीनं तो कधी मोडला नव्हता. नवरा वारलेला, मुलगी हूइया ब्रिस्बेनला. तामाती शिकाऊ म्हणून आला तेव्हा आंटीनंच त्याला पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं होतं. खोली बंद झाली तर म्हातारी कुणाच्या आधारानं जगणार, या विचारानं तो ती बंद होऊ देत नव्हता.

पण आज त्याच्याकडे कारण होतं. त्यानं ते ग्रँटला लिहून पाठवलं आणि गाडी काढली.

आंटी दारातच उभी होती. त्यांच्या रीतीप्रमाणे नाकाला नाक, कपाळाला कपाळ टेकून तिनं त्याला आत घेतलं.

“वाळलास रे! तिकडे काय वारा खाऊन राहतोस?”

“कुत्रं नाही भुंकलं आज?”

“शेजारी असतं हल्ली. पोरांना लळा लागलाय.”

भिंतीवरचे फोटो उतरवलेले होते. “रंग काढायचाय का?” त्यानं विचारलं. “हं,” म्हणून तिनं त्याच्यापुढे शिंपल्यांचं कालवण ठेवलं. मग रेवेना या बटाट्याच्या आंबट पावाच्या विरजणाची बरणी आणली. ही बरणी एरवी खोलीतल्या यंत्राच्या उबेला बसलेली असायची.

“घेऊन जा.”

“सगळी? आणि तुला?”

“माझं काय घेऊन बसलास! जप तिला. रोज खायला घाल.”

म्हातारी मन घट्ट करून सगळं वाटून टाकतेय, असं तामातीला वाटलं.

तिनं रुमालाची पुरचुंडी सोडली. आत खोलीची किल्ली होती, घासूनपुसून लख्ख केलेली. “ग्रँटचा फोन आला होता. आज बंद करणार ना? कर बाबा. मला काही वाईट वाटणार नाही. वर्षभर ऐकतेय, पुढच्या महिन्यात बंद, पुढच्या महिन्यात बंद. होतच नाही मेली!”

“आंटी, माझ्यापुढे तरी उसनं अवसान आणू नकोस गं.”

ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

“तामाती, तुझा हिशोब तपासला,” ग्रँट म्हणाला. “मेंढ्यांच्या कुरणात नवे सौर पॅनल बसलेत, दुपारची वीज फुकट जाते, हे खरंय. शहरातली कामं दिवसा वाईरेरेत आणायची, ऊन उतरलं की परत न्यायची. झकास! पाच वर्षांसाठी मंजूर. पण किल्लीवाली तीच हवी. त्या गावात दुसरं कुणी हे लोढणं गळ्यात घ्यायला तयार नाही.”

तामाती उडालाच. “ऐकलंस आंटी? बंद नाही! उलट भरणार खोली! पाच वर्षं!”

आंटीनं त्याच्याकडे पाहिलं. पोराचा चेहरा कसा फुलला होता.

“माझ्यासाठी केलंस हे?”

“मग कुणासाठी? तू आणि ही खोली, मला दुसरं माहेर आहे कुठं?”

तिनं त्याला पोटाशी धरलं. बराच वेळ सोडलं नाही.

“रडतेस काय?”

“कांदा चिरला होता मघाशी, लबाडा.”

त्यानं किल्ली दोरीत ओवली आणि स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातली. विरजण अर्धं परत तिच्या वाटीत ओतलं. “पाव कर. पुढच्या रविवारी येतो खायला.”

“ये रे बाळा. आलास की बरं वाटतं.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग परसात जाऊन तिनं खोली उघडली, वाटी यंत्राच्या उबेला ठेवली, कुलूप लावलं. घरात येऊन पलंगाखालची भरलेली बॅग ओढली; वरच तिनं विणलेलं इवलंसं टोपडं होतं, ते हातात घेऊन फोन लावला.

“हूइया, बाळंतपण नीट होऊ दे हं तुझं. उद्या विमानतळावर मात्र कुणाला पाठवू नकोस.”