सहाशे चौदा संदर्भ

तपासणीचा निकाल सकाळी साडेनऊला आला. अकरा वाजता योन्नाची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती.

मेल आधी रायलीने वाचला. फिनलंडमधल्या तुर्कूच्या त्या प्रयोगशाळेत गेली तीस वर्षं पेशी वाढवायचं काम तीच करत होती. नव्या पेपरसाठी नियतकालिकाने पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला, म्हणून गोठवून ठेवलेल्या पेशींच्या जुन्या नळ्या तिनेच तपासायला पाठवल्या होत्या. तिने एक खुर्ची ओढली.

"बस. उभ्याने वाचू नकोस."

निकाल दोन ओळींचा होता. नऊ वर्षं ज्या पेशी त्या दोघी मूत्रपिंडाच्या म्हणून वाढवत होत्या, त्या मूत्रपिंडाच्या नव्हत्याच. कधीतरी भलत्याच, भराभर वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्यांत शिरल्या होत्या आणि मूळच्या पेशी संपून गेल्या होत्या.

"सगळ्या नळ्या?" योन्नाने विचारलं.

"सगळ्या. अगदी पहिलीसुद्धा."

म्हणजे याच पेशींवरचा तो पेपरही गेला. ज्याच्यामुळे लोक तिला नावाने ओळखायचे, तो एकच पेपर. जगभरच्या संशोधकांनी सहाशे चौदा वेळा त्याचा संदर्भ दिला होता. हा आकडा ती रोज सकाळी कॉफीच्याही आधी बघायची. आजही बघितला होता.

रायलीने दार लोटून घेतलं. "हा मेल मी उद्या उघडला असं समज."

"त्याच्यावर तारीख आहे."

"तारीख कोण बघतंय गं? सहा वर्षं तू वर्षावर्षाच्या करारावर काढलीस. आज प्राध्यापक हो. मग कर काय ती चूक दुरुस्त."

योन्ना कोट घालून निघाली, अर्ध्या जिन्यावरून ओळखपत्र घ्यायला परत आली. ते तिच्या गळ्यातच होतं, हे रायलीने बोटाने दाखवलं.

निवड समितीत पाच जण होते. अध्यक्ष होल्मस्त्रोम थट्टेखोर म्हणून विद्यापीठात प्रसिद्ध.

"सत्तावीस पेपर," यादीवर बोट फिरवत ते म्हणाले. "त्यातल्या एकाचे सहाशे चौदा संदर्भ, आणि उरलेल्या सव्वीसांचे मिळून दोनशेसुद्धा नाहीत. थोरल्याने एकट्यानेच घर चालवायचं, असं ठरलंय का तुमच्याकडे?"

सगळे हसले. योन्नाही हसली. या प्रश्नाचं उत्तर तिने तीन आठवडे घोकलं होतं. पहिलं वाक्य आठवलं, पण तोंडातून फुटेना.

"तो पेपर चुकीचा आहे," ती म्हणाली. मग पेशींचं, तपासणीचं, सगळं सांगितलं.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"साडेनऊला."

होल्मस्त्रोमनी घड्याळाकडे पाहिलं. "आज?"

"आज."

खिडकीजवळ बसलेली एक सदस्या हळूच म्हणाली, "उद्या सांगितलं असतंत तरी चाललं असतं की."

"उद्या मला जमलं नसतं."

दुपारी तीनला होल्मस्त्रोमचा फोन आला. समितीने दुसऱ्याचं नाव सुचवलं होतं. या वेळी ते थट्टा करत नव्हते. योन्नाने फोन खाली ठेवला आणि ज्यांनी ज्यांनी पेपरचा संदर्भ दिला होता, त्यांची यादी उघडली.

"आता हे काय?" रायलीने विचारलं.

"पेपर मागे घ्यायला महिने लागतील. तोवर ही माणसं त्याच्यावर काम करत राहतील. मी कळवते."

"सहाशे चौदा जणांना?"

"ज्यांचे पत्ते मिळतील त्यांना."

चार वाजेपर्यंत चाळीस मेल गेले. नंतर तिला पुढचा लिहिता येईना. नुसती पडद्याकडे बघत, शिव्याशापांची वाट पाहत ती बसून राहिली.

पहिलं उत्तर पोर्तुगालमधल्या पोर्तूहून आलं, इल्डा नावाच्या मुलीचं. योन्नाला ते उघडवेना. रायलीने तिच्या खांद्यावरून वाकून ते उघडलं आणि वाचून दाखवलं.

"तुमचा प्रयोग मी दोन वर्षं करून पाहिला. एकदाही जमला नाही. सर म्हणाले, तुझ्या हातालाच वळण नाही. गेल्या महिन्यात मी प्रयोगशाळा सोडली. एकच विचारते. म्हणजे माझे हात ठीक होते?"

योन्नाने 'हो' एवढंच लिहिलं. ते पाठवायला तिला फार वेळ लागला.