मशीनवर शून्य

सकाळी डेपोत ड्रायव्हरने दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकलं. आकडा शून्य. "ठणठणीत! काढ गाडी," सुपरवायझर म्हणाला. बायकोच्या गाठीचा रिपोर्ट आज मिळणार होता, ते मशीनला काय कळणार! दुपारी फेरी संपवून तो डेपोत परतला, तेवढ्यात मागच्या बसमधून बायको उतरली. हातात लिफाफा. "अहो, दवाखान्यासमोर हात केला मी. माझ्या डोळ्यांत बघून तसेच पुढे गेलात!" दवाखाना कधी मागे पडला, हेच त्याला आठवेना. "जाऊ दे. गाठ साधी निघाली." ती हसली, त्याला हसू फुटेना. "तिथे अजून कोण होतं?" "शाळेतली पोरं. रस्ता ओलांडत होती... पटकन मागे सरली, म्हणून वाचली." लिफाफा न उघडताच त्याने बसची किल्ली सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. "आज नाही चालवत." "का? प्यायलायस?" "प्यायलो असतो साहेब, तर सकाळीच सापडलो असतो."