दाराजवळचा बाक

प्रार्थनेला सगळी मंडळी डोळे मिटते. आमचे हे, सुभेदारसाहेब, मिटत नाहीत. फौजेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर तिरके बसून दारावर नजर ठेवतात.

यंदा पंधरा ऑगस्ट रविवारी आला. पाळकसाहेबांनी माजी सैनिकांच्या सन्मानासाठी पुढे खुर्च्या मांडल्या. हे जागचे हलेनात.

"दाराकडे पाठ करून मला बसवत नाही, मार्था."

"मी बसते ना दाराशी."

"आणि कोणी आलं तर?"

"सलाम करीन. चर्चमध्ये आलेल्याला अजून काय करतात?"

आजूबाजूचे हसले. हेही हसले आणि पदकं सारखी करत पुढे गेले.

"प्रभू," पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, "ज्यांनी आम्हाला मोकळं ठेवलं, त्यांनाही मोकळं कर."

पहाऱ्यावर असल्यामुळे माझे डोळे उघडे होते, म्हणून दिसलं. यांनी मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

आमेन झालं. सगळ्यांनी डोळे उघडले, तर पुढच्या खुर्चीतून चांगलं मोठं घोरणं ऐकू आलं. सन्मानाची शाल घेऊन आलेले पाळकसाहेब यांना उठवायला वाकले.

"उठवू नका!" मी दारातूनच ओरडले. "ती शाल तशीच अंगावर घाला. राखणारा वर जागा आहे."