निळं पान

वाचनालयातून आठवड्याला एकच कोरं करकरीत पुस्तक मिळे. आधी निषाद वाचायचा, मग त्याची बायको चारुता. हल्लीचा कागदच असा, की वाचणाऱ्याचं काळीज धडधडलं तर बोटाखालचं पान लाल व्हायचं आणि जीव निवला तर निळं. नवरा कुठे घाबरला, कुठे सुखावला, हे रंगांवरून ओळखत वाचायची तिला भारी हौस.

ही रहस्यकथा मात्र त्याला बेचव लागली असावी. पानंच्या पानं पांढरीफटक. एकशे बावन्नाव्या पानावर कथेतला नवरा हसत हसत बायकोला कड्यावरून ढकलतो. तेवढंच पान निळंशार होतं.

चारुताचं बोट त्या ओळीवरच थबकलं.

"चारु, डबा भरलास का?" निषाद ओसरीवरून म्हणाला. "कड्यावर पोचेपर्यंत ऊन चढेल. आणि ते पुस्तक आण बरं, तुझे रंग बघू दे."

तिने घाईघाईने बोट उचललं. पण निळ्यावर लालभडक डाग उमटलाच होता, आणि निषादच्या चपला आत येत होत्या.