फिरायला कोण जातं?

कानामागे बसवलेलं ‘चालक’ यंत्र दुरुस्तीला दिल्यामुळे हेमांगीला त्या दिवशी स्वतःच फिरायला जावं लागलं. वर्षभर ती गाढ झोपेत असताना चालकच तिचं शरीर उठवायचा, बागेत फिरवायचा आणि घरी आणून नाचणीची भाकरी बेतानं खाऊ घालायचा. तिला जाग यायची ती ऑफिसच्या बसमध्ये. वजन छान उतरलं होतं आणि धाप लागल्याचं तिला एकदाही आठवत नव्हतं.

आज मात्र पाय सवयीनं भराभर चालले आणि बागेच्या फाटकापर्यंत पोचतानाच तिला धाप लागली. तिथे एक आजोबा मोड आलेल्या मुगाचा डबा उघडून उभे होते.

“ये हेमांगी. आज मुगाची पाळी माझी,” ते म्हणाले. “मग, काय ठरवलंस? आमच्या हिच्या ऑपरेशनला हो म्हणू का? डॉक्टरांना आज कळवायचंय.”

हेमांगीनं त्यांना कधी पाहिलंही नव्हतं. “मी काय ठरवणार?”

“काल तूच म्हणालीस, विचार करून सांगते. मी तुझ्या भरवशावर थांबलोय.”

ती गोंधळली. चालक फक्त पाय हलवतो आणि घास मोजतो, त्याला बोलता येत नाही, असं दुकानदारानं तिला बजावून सांगितलं होतं. मग आजोबांशी रोज बोलत कोण होतं?

“आजोबा, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. या वेळेला मी झोपलेली असते.”

आजोबांनी डब्याचं झाकण लावलं.

“असं कसं? तू तर सांगतेस, इथून घरी जाऊन भाकरी खाल्ली की तुला झोप लागते, ती थेट दुसऱ्या दिवशी फिरायला निघेपर्यंत.”